कुसळासकट

टेकडीखालची वस्ती, पातूर
९ नोव्हेंबर २०२४

गीतांजली,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपापुढे एकच टिक येते आणि तिथंच बसून राहते. म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस, हे न कळण्याइतकी तुझी जाऊ अडाणी नाही. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, "बाई, आता कोन लिहिते पत्र?" मी म्हटलं, ज्याचा फोन कोणी उचलत नाही तो लिहितो.

चार महिने होत आले तुला माहेरी वलगावला जाऊन. मी भांडायला लिहीत नाही. झालं गेलं उगाळत बसायला मला वेळ नाही, आणि चूक कोणाची होती ते आता काढून कोणाचं भलं होणार आहे? कामाचं विचारायचं होतं, म्हणून लिहिते.

परवा अकोल्याहून मनोज सर आले होते, आपल्या बायांच्या गटाला उतारावर गवत लावायचं शिकवणारे. त्यांनी उतार पुन्हा मोजला. खदानवाले सहा वर्षं टेकडीचं पोट फाडून मुरूम आणि चुरी आपल्या बाजूला ओतत राहिले, दगड संपला तसे निघून गेले, आणि तो ढीग आपल्या दोन्ही घरांच्या डोक्यावर ठेवून गेले. तो अजून तसाच आहे, नागडा. जुलैत खाली आला तेवढाच पुन्हा यायला तयार आहे. सर म्हणाले, एवढ्या खड्या उतारावर झाड आधी तग धरणार नाही, आधी गवतच लावावं लागेल, आणि तेही शेजारच्या न फोडलेल्या टेकडीवर आपोआप येतं तेच. म्हणजे पुन्हा तुझी कुसळी. आपल्या गटातल्या नीलमनं तोंड वाकडं केलं. "ढोराच्या तोंडात टोचते, मेंढराच्या कातड्यात घुसते, ते कायले लावता सर?" सर म्हणाले, टोचते म्हणूनच लावायची. त्यांचं ते बोलणं मला काही नीटसं कळलं नाही.

तर कुसळी आता पिकली आहे. पंधरा दिवसांत गळेल, नाहीतर कोणीतरी काडी लावून टेकडी जाळेल. मागच्या वर्षी तू ती कोणत्या डोंगरावरून आणायचीस, दवात की उन्हात, ओढून की कापून, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नाही. तू आजोळी परतवाड्याच्या वरच्या डोंगरात आजोबांच्या गुरांमागे वाढलेली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाफ्यातले माळी. गवत दिसलं की आमचा हात ते उपटायलाच जातो. तेवढं लिहून कळव. त्यासाठी यायची गरज नाही.

देवानंद भाऊजी आमच्याकडे जेवतात. भाकरी मोडतात आणि अर्धी मांजरीला घालतात. तुला आणायला जा म्हटलं की मान खाली घालून हात धुवायला उठतात. आत्याबाई रोज संध्याकाळी विचारतात, माझी नात खुशी कधी येते? खुशीला सांग, तिच्या शेळीला दोन करडं झाली. एक अगदी काळंभोर आहे. तुझ्या घराला मी कुलूप लावलं आहे. भिंतीवर चिखलाची रेघ तशीच आहे. दोनदा पुसली, जात नाही.

दीपमाला

२७ नोव्हेंबर २०२४

गीतांजली,

उत्तर आलं नाही. बरं. विचारायचं माझं काम होतं, ते मी केलं.

तुझी वाट न पाहता आम्ही चौघी गेलो. मी, नीलम आणि गटातल्या आणखी दोघी. लेण्यांच्या मागच्या टेकडीवर चढलो, दिवसभर कुसळी ओढली आणि पोतं भरून आणलं. येताना आमच्या लुगड्यांना, ब्लाउजच्या बाह्यांना, केसांनासुद्धा कुसळं. नीलमला तर बसता येईना, ती ऑटोत उभ्यानं वाकून आली. मागच्या वर्षी तू पंधरा दिवस रोज अशीच घरी यायचीस आणि मी ओट्यावरून ओरडायची, "आली पहा साळिंदर, घरात घेऊ नका!" तू हसायचीस आणि दारातच बसून एकेक कुसळ काढायचीस. एका दिवसात माझी बोटं सुजली. तू पंधरा दिवस हे कसं केलंस, ते मी कधी विचारलंसुद्धा नाही.

मनोज सरांनी आमचं पोतं कागदावर ओतलं, चिमूट उचलून भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "ताई, कुसळं आहेत, दाणा नाही. उशीर झाला." सगळा पोचट माल. एवढं टोचून घेऊन हाती काय आलं तर कचरा. बायका हसल्या, मीही हसले, पण घरी येऊन मला काही सुचेना. या वर्षी बी नाही म्हणजे जूनमध्ये उतारावर टाकायला काही नाही. म्हणजे पुढचा पावसाळाही आपण त्या ढिगाच्या खाली बसून काढायचा.

आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, "तिले बोलाव." मी म्हटलं, बोलावते ना, पत्र टाकलं. तर म्हणतात, "तसं नाही. खरं सांगून बोलाव." कोणतं खरं, म्हणून विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपल्या. ऐंशीच्या पुढचं माणूस, कधी काय बोलेल नेम नाही.

तुला आणखी एक सांगायचं होतं. आपल्या उकिरड्यामागं ओढ्याची दरड आहे ना, भिंतीसारखी उभी, तिथं सप्टेंबरात मी गेले होते तर

जाऊ दे. पुढच्या वेळी.

दीपमाला

१० डिसेंबर २०२४

गीतांजली,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं. हे फाडायच्या आधी पाकिटात घालणार आहे.

उन्हाळ्यात, मे महिन्यात, तू दोन पोती कुसळी माझ्या ओट्यावर आणून ठेवलीस. तुझ्या भावाच्या लग्नाला चार दिवस वलगावला जायचं होतं. जाताना म्हणालीस, "ताई, याले हात नका लावू. असंच फेकाचं आहे." आणि गेलीस.

मी पोतं उघडलं. आत सगळा गुंता. एक दाणा धरून उचलला तर पन्नास लोंबत वर आले. उंदरानं बिळात घातलेल्या अंथरुणासारखं ते दिसत होतं. आता तूच सांग, माझ्या अंगणात असं बी? माझी मेथी, माझा पालक, माझा सांबार, बाजारात बाया नावानं मागतात. "दीपमालाचं बी आहे का, मग द्या, त्यात खडा निघत नाही." सांबाराचे धणे आम्ही कधी अख्खे पेरले नाहीत. धणा रगडून त्याची दोन दळं करायची, मगच वाफ्यात टाकायचा. सात वर्षांची असताना मी अख्खे धणे टाकले म्हणून आजीनं माझ्या हातावर विळ्याची मूठ मारली होती. रगडल्याशिवाय बी पेरणं म्हणजे आमच्यात गबाळेपणा.

म्हणून मी रगडलं. ओट्यावर गोणपाट टाकून, वरून विटेनं, दोन दिवस. मग सुपात पाखडलं. कुसळं उडाली, खाली दाणे राहिले, जिऱ्यासारखे, स्वच्छ. दोन डबे भरले. मला इतका आनंद झाला होता गीतांजली, की मी ते आत्याबाईंना नेऊन दाखवले.

तू परत आलीस आणि डब्याचं झाकण उघडलंस. विचारलंस, "कुसळं कुठं गेली?" मी म्हटलं, काढली. मळकट बी माझ्या अंगणातून जात नाही. तू म्हणालीस, "ताई, ते त्याचे पाय होते."

मी हसले. तुझ्या डोंगरातल्या गोष्टी म्हणून हसले. तू पुन्हा डब्यात पाहिलंस आणि झाकण लावलंस. दुसऱ्या दिवशी पेरणी होती, सगळ्या बाया जमणार होत्या, मी गटाची अध्यक्ष, आणि तुझी मोठी जाऊ. तू काय बोलणार होतीस?

पुढचं तुला माहीत आहे, पण मला एकदा माझ्या हातानं लिहू दे. मिरगाच्या पावसात ते स्वच्छ दाणे उतारावरून घरंगळत खाली आले. माझ्या वाफ्याच्या कडेला ते जमलेले मी पाहिले होते, आणि मुंग्या नेताना पाहिल्या होत्या. वर चार काड्या उगवल्या असतील नसतील. मग जुलैत तीन दिवसांची झड लागली आणि सोळा तारखेला सकाळी दहा वाजता ढिगाची ती बाजू सुटली. तुझे वाफे गेले, तुझी शेवंती गेली, विहीर अर्धी बुजली. खुशी शेवंतीत होती. हे धावले तेव्हा ती कमरेपर्यंत चिखलात होती आणि ओरडतही नव्हती. तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तीन दिवसांनी सभा झाली. नीलम म्हणाली, बी डोंगरातलं नव्हतंच, हिनं रस्त्याकडचं भरून आणलं. कोणी म्हणालं, सुबाभूळ लावली असती तर ही वेळ आली नसती. आणि देवानंद भाऊजी उभे राहून सगळ्यांसमोर बोलले, "तुह्या बियापायी माही पोरगी जाती होती."

तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस, एकदाच. माझ्या हातात पेन होता आणि मांडीवर सभेचं रजिस्टर. मी मान खाली घातली आणि लिहिलं, "बी पोचट निघाल्यामुळे गवत उगवले नाही, असे सर्वांचे मत पडले." त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तुझी नाही. तू तोवर उठून गेली होतीस, आणि दुपारच्या गाडीनं खुशीला घेऊन वलगावला.

तेव्हा मला पक्कं माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. डोक्यात पक्कं नसेल. पोटात होतं.

सप्टेंबरात ते डोक्यातही आलं. पाखडलेली कुसळं मी उकिरड्यामागं टाकली होती, ओढ्याच्या दरडीवर. त्यात थोडे न रगडलेले दाणे गेले असणार. तिथं कमरेएवढी कुसळी उभी होती. त्या उभ्या दरडीवर, मुरमात, कोणी पाणी घातलं नाही, खत घातलं नाही. उपटायला गेले तर हातात पातं आलं, मूळ हललं नाही. पुढं ऑक्टोबरात तिचा एक दाणा कुसळासकट तोडला, वाळू दिला आणि तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकला. कुसळ वळायला लागलं. हळूहळू, गोल गोल, आणि दाण्याचं टोक माझ्या कातडीत रुतायला लागलं. खुशी हेच करून दाखवायची ना पोरांना, "पहा, माह्यं बी नाचते" म्हणून? मीही पाहिलं होतं की. पाहून हसले होते. भिजलं की सुटतं, वाळलं की पिळतं, आणि एकेक पीळ जमिनीत घुसत जातं. म्हणूनच सर म्हणाले, टोचते म्हणून लावायची. पहिल्या पत्रात ते कळलं नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता कायले काढून राहिली ते? गटाचं काम जाईन, तुह्यं नाव जाईन. गीतांजलीले समजावून आनू आपन." मला ते बरं वाटलं. दोन महिने मी त्याच्यावरच राहिले.

चूक माझी होती. तुझ्यावर आळ आला आणि मी तो माझ्या अक्षरात लिहिला. मला माफ कर आणि घरी ये.

तुझी दीपमालाताई

३० डिसेंबर २०२४

गीतांजली,

चिठ्ठी मिळाली. खुशीचं अक्षर सुधारलं आहे. "आई म्हणते, हे मला मे महिन्यापासूनच माहीत आहे. मला कशाला सांगता? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? मोठ्या जावेनं पदर पसरला, तीनदा पत्र फाडून चौथ्यांदा लिहिलं, आणि तू नऊ वर्षांच्या पोरीकडून दोन ओळी लिहून पाठवतेस! एवढंच माहीत होतं तर सभेत का नाही बोललीस? माझ्या तोंडावर बोलायचं होतंस. मी कबूल केलं असतं.

हे लिहिलं आणि थांबले. केलं असतं का? माहीत नाही.

तुला सांगायला सोपं आहे. इथं मला रोज बाहेर पडायचं असतं. मागच्या सभेत सगळ्यांनी तुला नावं ठेवली, आता त्यांना सांगायचं की ज्या बाईच्या रजिस्टरवर तुम्ही सह्या केल्या तिनंच बी मोडलं होतं आणि तिला ते कळतही होतं. नीलमला अध्यक्ष व्हायचंच आहे, तिला तर आयतंच मिळेल. बाजारात माझ्या बियाला कोण हात लावेल? मी काल रजिस्टर काढून बसले होते. एक वाक्य जुळवलं, "काही तांत्रिक कारणामुळे बियाण्याची उगवण झाली नाही, त्यास कोणी एक व्यक्ती जबाबदार नाही." मग वाचून माझी मलाच लाज वाटली आणि रजिस्टर परत पेटीत ठेवलं.

मला थोडा वेळ दे.

दीपमाला

२० जानेवारी २०२५

गीतांजली,

सांगितलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बाया माझ्या अंगणात होत्या. हातावर तिळगूळ ठेवून झाला, आणि मी म्हटलं, बसा, गटाचं थोडं काम आहे. रजिस्टर उघडून जुलैचं पान वाचलं. मग म्हटलं, हे खोटं आहे. आणि डब्यापासून दरडीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज एवढा मोठा का लागला कोण जाणे, भाजी विकायला बसल्यासारखा.

मला वाटलं होतं नीलम तुटून पडेल. तिनं हातातला तिळगूळ ताटलीत परत ठेवला आणि म्हणाली, "मंग आमी गीतांजलीले रस्त्याचं बी आनलं म्हटलं, ते?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी नव्हतं ते.

देवानंद भाऊजी विहिरीवर पाइप जोडत होते. मी त्यांना पाठमोरं बसलेलं पाहिलं होतं, आणि तिथपर्यंत ऐकू जातं हे मला ठाऊक होतं. ते आले, चिखलाच्या हातांनी, बायकांच्या मधून. "वयनी, त्या दिवशी सभेत तुमाले मालूम होतं?"

मी म्हटलं, हो.

ते आल्या पावली विहिरीकडे परत गेले. त्या दिवसापासून ते आमच्याकडे जेवत नाहीत. तुझ्या घराचं कुलूप उघडून तिथं राहतात, स्वतः भात टाकतात, करपल्याचा वास इकडे येतो. सकाळ-संध्याकाळ एकटेच तुझ्या वाफ्यांतला मुरूम टोपल्यानं काढून बांधावर टाकतात. हे मदतीला गेले तर टोपलं त्यांच्या हातातून काढून घेतलं. भावाभावांत अबोला आहे. हे माझ्यावर चिडून आहेत, "सांगतलं होतं तुले," एवढंच म्हणतात.

आत्याबाईंना मी विचारलं, तुम्हाला सगळं माहीत होतं? म्हणाल्या, "माह्याच समोर तर रगडलं तुनं. धने रगडते तसं." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणतात, "तू बोलशीन म्हून वाट पाहून राहिली होती. गीतांजलीबी वाटच पाहून राहिली होती."

नीलम आता अध्यक्ष आहे. रजिस्टर तिच्याकडे गेलं. माझ्या अक्षरातलं शेवटचं पान खरं आहे, तेवढं समाधान मला आहे. बाजारात परवा एका बाईनं मेथीचं बी हातात घेऊन विचारलं, "हे रगडलं तं नाही ना?" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मी पण हसले आणि घरी येऊन रडले.

तू म्हणालीस तसं केलं. पण तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही. मला झोप येत नव्हती.

आणि उताराचं काय करायचं, ते कोणालाच माहीत नाही. बी नाही. मनोज सर म्हणाले, दुसऱ्या जातीचं गवत आणून लावलं तर एका उन्हाळ्यात वाळून जाईल. त्यांनी आम्हाला उतारावर आडवे दगडाचे बांध घालायला लावले आहेत. चुरीवर दगड बसत नाही, दुपारी लावलेला सकाळी खाली असतो. खुशीला इथं आणू नकोस. घरी ये, असं मी आता म्हणणारही नाही.

दीपमाला

१ जून २०२५

गीतांजली,

काल सकाळी भाऊजींना अकोल्याच्या स्टँडवरून फोन आला, अमरावतीच्या गाडीत तुमच्या नावाची तीन पोती आहेत, लवकर न्या. कंडक्टर वैतागलेला होता. म्हणे मूर्तिजापूरला एक प्रवासी पोत्यावर बसला आणि ओरडतच उठला, तेव्हापासून गाडीत भांडण चालू होतं.

भाऊजींनी पोती आणून माझ्या ओट्यावर ठेवली. चार महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्या ओट्यावर चढले. नीलम आली, बाया आल्या, बांध पाहायला आलेले मनोज सरही आले. मी पोत्याला हात लावला नाही, नीलमनंच दोरा कापला. तोच गुंता, तेच उंदराचं अंथरूण. वर सुईनं चिठ्ठी टोचलेली. "हे रगडू नका." खुशीच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारलेल्या.

पहिल्यांदा आत्याबाई हसल्या. मग सगळ्या. मीही. पोट दुखेपर्यंत.

हसून झाल्यावर मनोज सरांनी चिमूट हातात घेतली, दाणे मोजले आणि म्हणाले, "भरलेलं आहे. अगदी वेळेवर काढलंय, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात." ते सहज बोलले. माझ्या डोक्यात मात्र ते जाऊन बसलं. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. तेव्हा माझं पहिलं पत्रही तुला मिळालं नसेल. मी काही कबूल केलं नव्हतं. तुझ्यावर तो आळ होताच, नवऱ्याचं ते बोलणं होतंच, आणि तू आजोळच्या डोंगरावर उन्हात उभी राहून आमच्या डोक्यावरच्या ढिगासाठी कुसळी ओढत होतीस. तीन पोती. आणि पाठवलीस मात्र मी बोलल्यावर चार महिन्यांनी.

मी बोलले नसते तर पाठवली असतीस का, हे मी विचारणार नाही. मला वाटतं पाठवली असतीस. त्यानंच मला जास्त लागतं.

तिसऱ्या पोत्याच्या तळाशी एक पुरचुंडी निघाली. पांढऱ्या फडक्यात धणे. सोडून पाहिले तर प्रत्येक धण्याची दोन दळं, सारखी, एकही चुरा झालेला नाही. आणि चिठ्ठी. "हे रगडलेले आहेत. माझ्या वाफ्यात टाका."

चिठ्ठी भाऊजींनी माझ्या हातातून घेतली आणि खिशात ठेवली. मला परत दिली नाही.

धूळपेर परवा आहे, पाऊस लागायच्या आत. बाया कमरेला दोर बांधून वरून उतरणार. मला नीलमनं खाली दोर धरायला ठेवलं आहे. ठीक आहे. दोर धरणारं माणूसही लागतं.

दीपमाला

९ ऑगस्ट २०२५

गीतांजली,

सगळं चांगलं झालं असं लिहायला मला आवडलं असतं.

उताराचे तीन भाग धर. खालचे दोन हिरवे आहेत. दाट नाही, विरळ, डोक्यावरचे केस उडालेल्या माणसासारखे, पण आहेत. तीन पोती तेवढ्यालाच पुरली. वरचा तिसरा भाग उघडाच राहिला. जुलैत झड लागली तेव्हा दोन दिवस आम्ही सगळे तुझ्या अंगणात उभे होतो, कामधंदा सोडून, वर पाहत. तिसऱ्या दिवशी दुपारी वरचा भाग सुटला. आवाज तोच. हे ओरडले, भाऊजींनी आत्याबाईंना बाजेसकट उचललं.

मुरूम खाली आला, गवतात शिरला, आणि मंद झाला. पुढं आला, आणखी मंद झाला. तुझ्या बांधापासून वीस-पंचवीस हातांवर थांबला. गवत वाकलं, गाडलं गेलं, पण सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन एक ठोंब ओढून पाहिला. हातात पातं आलं, मूळ नाही.

मनोज सर म्हणतात अजून दोन-तीन वर्षं लागतील. मग गवताच्या आधारानं सालई-धावड्याची झाडं धरतील. वरच्या भागासाठी या नोव्हेंबरात पुन्हा बी काढावं लागेल. या वेळी आम्ही सहा जणी येऊ, कोणता डोंगर आणि कोणती वेळ ते तू दाखवशील तर. नाही दाखवलंस तर चुकतमाकत शिकू. मी कोणत्याही दाण्याचं काही काढणार नाही.

दोघे भाऊ बोलायला लागले आहेत. त्या दुपारपासून. काय बोलतात तर पाइपचं आणि मोटरचं. माझ्याशी भाऊजी अजून कामापुरतंच बोलतात. त्यांना तुला आणायला जायचं आहे, शर्ट इस्त्री करून ठेवला आहे, आणि रोज सकाळी त्याच्याकडे पाहून शेतात जातात. सभेतलं ते एक वाक्य त्यांच्या पायात आडवं येतं. त्यांना ते माझ्यामुळे बोलावं लागलं, असं मी म्हणणार नाही. त्यांचं ते बोलले, माझं मी लिहिलं.

आता धण्याचं. मुरूम पूर्ण निघेपर्यंत मी थांबले आणि अठ्ठावीस जूनला तुझ्या वाफ्यात ते टाकले. भाऊजींना विचारून टाकले. झडीत त्यावर जुनी लुगडी ताणून धरली, दोन्ही टोकांना मी आणि नीलम. पावसाळ्यातला सांबार किती नाजूक असतो ते तुला सांगायला नको. तरी आला आहे. वीतभर, गडद, वासानं अंगण भरतं. काल नीलम म्हणाली, "काढू का? बाजारात सांबार नाही सध्या." मी नाही म्हटलं. भाऊजीही हात लावत नाहीत. आत्याबाई काठी घेऊन बाजेवर राखण बसल्या आहेत, खुशीची शेळी दोनदा मार खाऊन गेली.

पण तो फार दिवस राहणार नाही, पानं पिवळी पडायला लागतील नाहीतर सडेल. अमरावतीची पहिली गाडी अकोल्याला साडेनऊला लागते, तिथून पातूर तासाभराचं.

सांबार पुढच्या रविवारपर्यंत थांबेल. मी त्याच्या नंतरही थांबेन.

दीपमाला